मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर: कोडिंग आणि डॉक्युमेंटेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑर्थोचे चार्ट हातात आले की नव्या कोडरची गाडी पहिल्यांदा अडते ती मांडीच्या हाडापाशी. मी बरीच वर्षं हे चार्ट कोड करतोय, हल्ली ऑडिटही करतो. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. हे सगळं अमेरिकेतल्या आयसीडी-१०-सीएमला, म्हणजे आजार आणि दुखापतींना कोड देण्याच्या पद्धतीला धरून आहे. ती पद्धत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली आणि दर १ ऑक्टोबरला तिची नवी आवृत्ती येते, त्यामुळे कोड टाकण्याआधी चालू वर्षाचं पुस्तक बघायचंच. कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत, सिस्टीममध्ये टाकताना अर्थातच रोमन अक्षरं.

हाड एकच, मग एस७२ मध्ये इतके कोड कशाला?

कारण ते कुठे मोडलं यावर पुढचं सगळं ठरतं. एस७२ हा मांडीच्या हाडाच्या, म्हणजे फीमरच्या फ्रॅक्चरचा गट. एस७२.० म्हणजे फीमरचं डोकं आणि मान, एस७२.१ मानेखालच्या उंचवट्यांचा, म्हणजे ट्रोकँटरचा भाग, एस७२.२ त्याच्या लगेच खालचा सबट्रोकँटेरिक भाग, एस७२.३ मधला दांडा म्हणजे शाफ्ट आणि एस७२.४ गुडघ्याकडचं टोक. मानेचा भाग सांध्याच्या कॅप्सूलच्या आत येतो. तिथे मोडलं की डोक्याकडे जाणारा रक्तपुरवठा तुटायची भीती असते, म्हणून वयस्कर पेशंटमध्ये सर्जन बऱ्याचदा सरळ कृत्रिम सांधा बसवतात. दोन बोटं खाली, ट्रोकँटरपाशी मोडलं तर रक्त भरपूर मिळतं आणि हाड नेल (हाडाच्या आतून घातलेली सळई) किंवा प्लेट टाकून जोडतात. बोलताना आपण दोन्हीला ‘खुबा मोडला’ म्हणतो. कोडिंगमध्ये ते चालत नाही.

शाफ्टला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मोडण्याची तऱ्हा. आडवं, तिरकं, पिळवटलेलं, चुरा झालेलं, की दोन ठिकाणी मोडून मधला तुकडा सुटा झालेला. सर्जनने ‘शाफ्ट फ्रॅक्चर’ एवढंच लिहिलं तर एस७२.३० वर समाधान मानावं लागतं.

डॉक्टरांनी फक्त ‘हिप फ्रॅक्चर’ लिहिलंय. काय लावू?

इंडेक्समध्ये हिप शोधलंत तर तो तुम्हाला फीमरच्या मानेकडे पाठवतो. म्हणजे कोड येतो एस७२.००-, मानेचा अनिर्दिष्ट भाग. गंमत अशी की पेशंटचं हाड प्रत्यक्षात ट्रोकँटरपाशी मोडलेलं असू शकतं. एक शब्द आळसाने लिहिला गेला आणि कागदावर फ्रॅक्चरची जागाच बदलली.

अशा वेळी एक्स-रे रिपोर्ट उघडा. फ्रॅक्चरचं निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी केलेलं असेल, तर जागेचा नेमकेपणा रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमधून घेता येतो. कोडिंग क्लिनिक या अधिकृत सल्लापत्रिकेने ते मान्य केलेलं आहे. पण भरती असलेल्या पेशंटमध्ये नवीन निदान रिपोर्टमधून उचलता येत नाही. हा फरक पुढे ऑस्टिओपोरोसिसच्या प्रश्नात पुन्हा भेटेल.

डिस्प्लेस्ड की नॉनडिस्प्लेस्ड, ओपन की क्लोज्ड, काहीच लिहिलेलं नाही.

याचं उत्तर एस७२ च्या सुरुवातीलाच छापलेलं आहे. हाड सरकलंय की नाही हे लिहिलं नसेल तर डिस्प्लेस्ड धरायचं. ओपन की क्लोज्ड हे लिहिलं नसेल तर क्लोज्ड धरायचं. एवढ्यासाठी क्वेरी (डॉक्टरांना लेखी विचारणा) पाठवून सर्जनचा वेळ खाऊ नका.

‘ओपन रिडक्शन’ केलंय, म्हणजे फ्रॅक्चर ओपनच ना?

नाही! नव्या कोडरची ही चूक मी अजून दर महिन्याला बघतो. ओपन फ्रॅक्चर म्हणजे दुखापतीतच कातडी फाटून हाडाचा बाहेरच्या हवेशी संबंध आला. ओपन रिडक्शन म्हणजे सर्जनने ऑपरेशन थिएटरमध्ये चीर देऊन हाड उघडं केलं. खुब्यापाशी मोडलेली बहुतेक फ्रॅक्चर क्लोज्डच असतात, कारण वर स्नायूंचा जाड थर असतो.

फ्रॅक्चर खरंच ओपन असेल तर गस्टिलो वर्गीकरण लागतं. पहिला प्रकार म्हणजे १ सेंटिमीटरपेक्षा लहान जखम. दुसऱ्यात जखम त्याहून मोठी, पण मऊ ऊतींची फार नासधूस नाही. तिसऱ्यात ए, बी, सी असे पोटप्रकार, आणि त्यातला सी म्हणजे दुरुस्त करावी लागेल अशी रोहिणीची इजा. कोडच्या शेवटचं सातवं अक्षर फ्रॅक्चरचा प्रकार आणि उपचाराचा टप्पा सांगतं: पहिल्या दोन प्रकारांना ते बी, तिसऱ्याला सी. नुसतं ‘ओपन’ लिहिलं असेल तर बी. नोटमध्ये जखमेचं माप दिलंय म्हणून आपण पट्टी लावून प्रकार ठरवायचा नाही, तो सर्जनने लिहायला हवा.

सातव्या अक्षरात ए कधी आणि डी कधी?

ए म्हणजे पहिली भेट नव्हे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. इंग्रजी नावात ‘इनिशियल’ शब्द आहे आणि त्याने भल्याभल्यांना चकवलंय, मलाही. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक चार्ट आला. पेशंटला एका ठिकाणच्या इमर्जन्सीतून दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलेलं आणि तिथे शाफ्टमध्ये नेल टाकलेला. मी विचार केला, पहिली भेट तर आधीच होऊन गेली, आणि ऑपरेशनच्या चार्टला डी लावून मोकळा झालो. ऑडिटमध्ये ते पान लाल होऊन परत आलं.

खरा प्रश्न एवढाच, की फ्रॅक्चरवर सक्रिय उपचार चालू आहेत का? इमर्जन्सीतली तपासणी, ऑपरेशन, नव्या डॉक्टरांनी केलेलं मूल्यमापन आणि पुढे चालू ठेवलेला उपचार, या सगळ्याला ए (ओपन असेल तर वर सांगितलेलं बी किंवा सी). हॉस्पिटलं तीन झाली तरी ए. पेशंट महिनाभर घरी लंगडत राहिला आणि मग दाखवायला आला, तरीही ए. सक्रिय उपचार संपून हाड भरून यायला लागलं, की डी. टाके बघणं, हाड किती जुळलंय ते पाहायला एक्स-रे, प्लास्टर बदलणं, नेल काढणं, हे सगळं डी मध्ये येतं.

आणि फ्रॅक्चरच्या फॉलो-अपला झेड४७ सारखे आफ्टरकेअर कोड जोडू नका. दुखापतीत सातवं अक्षरच ते काम करतं.

यादीत ए पासून एस पर्यंत अक्षरं आहेत, पण आय, एल आणि ओ गायब. ही तिन्ही एक आणि शून्यासारखी दिसतात. त्यांच्यापैकी एखादं कोडच्या शेवटी दिसलं तर कोणाची तरी टायपिंगची चूक आहे.

जाता जाता एक्सचंही सांगतो. सबट्रोकँटेरिकचा कोड पाचच अक्षरांत संपतो. सातवं अक्षर सातव्याच जागी बसायला हवं, म्हणून मध्ये एक्स भरायचा: एस७२.२१एक्सए. एक्स विसरलात की क्लेम परत आलाच.

हाड जुळलंच नाही, किंवा वाकडं जुळलं. आता नवीन कोड?

कोड तोच, शेवटचं अक्षर बदलतं. क्लोज्ड फ्रॅक्चर उशिरा भरत असेल तर जी, नॉनयुनियनला के, मालयुनियनला पी. ओपनसाठी त्यांच्या शेजारची अक्षरं. पेशंट नॉनयुनियनसाठी पुन्हा ऑपरेशनला आला तरी के च राहतो, ए होत नाही. अपवाद अशा पेशंटचा ज्याने मुळात उपचारच उशिरा घेतला आणि नॉनयुनियन घेऊनच पहिल्यांदा आला. त्याला ए.

इम्प्लांटचं दुखणं मात्र वेगळं. उजव्या फीमरमधला नेल तुटला तर टी८४.११४, त्याला इन्फेक्शन झालं तर टी८४.६२०. इथे उपचार त्या गुंतागुंतीवर चालू असतो, त्यामुळे फ्रॅक्चर जुनं असलं तरी टी८४ ला ए लागतो.

वयस्कर बाई घसरून पडल्या, खुबा मोडला, ऑस्टिओपोरोसिस आहे. एस७२ की एम८०?

सगळ्या पानावर हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर. एस७२ म्हणजे दुखापतीचं फ्रॅक्चर, एम८० म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमुळे (हाडं ठिसूळ होण्यामुळे) झालेलं. समजा, नोट अशी आहे:

‘वय ७९, स्त्री. ओल्या फरशीवर पाय घसरून डाव्या कुशीवर पडल्या. डावा पाय आखूड, बाहेर वळलेला. एक्स-रे: डावं इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर, डिस्प्लेस्ड. पूर्वीचे आजार: रक्तदाब, ऑस्टिओपोरोसिस. औषधं: अलेंड्रोनेट आठवड्यातून एकदा. निदान: पडल्यामुळे डावं इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर.’

नवा कोडर पटकन एस७२.१४२ए लिहितो आणि जोडीला ऑस्टिओपोरोसिस म्हणून एम८१.०. दिसायला नीटनेटकं. पण एम८१ चं नाव पूर्ण वाचा: ऑस्टिओपोरोसिस, सध्या पॅथॉलॉजिकल (आजारामुळे झालेलं) फ्रॅक्चर नसलेला. आणि कोडिंगची अधिकृत गाइडलाइन सांगते, की ज्याला ऑस्टिओपोरोसिस असल्याचं माहीत आहे त्याचं हाड मोडलं, आणि तेवढ्या किरकोळ पडण्याने निरोगी हाड सहसा मोडलं नसतं, तर एम८० गटातला कोड लावायचा, दुखापतीचा नाही. म्हणजे उत्तर एम८०.०५२ए. नुसतं ‘ऑस्टिओपोरोसिस’ लिहिलं असलं, कारण दिलेलं नसलं, तरी तो एम८०.० मध्येच बसतो.

आता खरी मेख. ‘निरोगी हाड मोडलं नसतं’ हे ठरवणार कोण? उभ्या उंचीवरून पडणं किरकोळ धरतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण इथे निदानाच्या ओळीत डॉक्टरांनी स्वतः ‘पडल्यामुळे’ लिहिलंय. काही ऑडिटर म्हणतात गाइडलाइन स्पष्ट आहे, सरळ एम८० लावा. माझं मत वेगळं आहे. ही अट वैद्यकीय निर्णयाची आहे आणि तो निर्णय कागदावर दिसत नसेल, तर क्वेरी पाठवावी. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. सर्जनने ‘ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर’ एवढे शब्द लिहिले की वाद मिटतो. याच बाईंना रस्त्यात गाडीने उडवलं असतं, तर एस७२ आणि एम८१.० ही जोडी बरोबर ठरली असती.

उलट बाजूही बघा. पूर्वीच्या आजारांत ऑस्टिओपोरोसिस नाही, फक्त एक्स-रे रिपोर्टमध्ये ‘हाडं विरळ दिसतात’ असं आहे. त्यावरून एम८० गाठणं म्हणजे सुतावरून स्वर्ग. विचारा, नाहीतर एस७२ वर थांबा.

एक खंत सांगतो. एम८०.०५ मध्ये मान, ट्रोकँटर, शाफ्ट असा काहीच भेद नाही. फक्त उजवं, डावं. सर्जनने इतक्या बारकाईने लिहिलेली जागा कोडमध्ये उतरतच नाही. कोड बरोबर असतो आणि तरी मला दर वेळी ते चुकल्यासारखं वाटतं.

पडणं नाही, अपघात नाही, तरी हाड मोडलं.

कारण शोधा. गाठ हाडात पसरली असेल तर एम८४.५५-, सोबत गाठीचा कोड. धावपटूचं स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर एम८४.३५-. आणि बिस्फॉस्फोनेट गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये शाफ्टला किंवा सबट्रोकँटेरिक भागात एक विचित्र, बहुधा आडवं फ्रॅक्चर दिसतं. त्याला ‘अटिपिकल’ म्हणतात, आणि २०१६ पासून त्याला एम८४.७५- असा स्वतंत्र कोड आहे. गोळ्या अजून चालू असतील तर झेड७९.८३ जोडा. ‘अटिपिकल’ हा शब्द सर्जनच्या नोटमध्ये असायला हवा. गोळ्यांची यादी वाचून तो आपण लावायचा नाही.

आधी बसवलेल्या कृत्रिम सांध्याशेजारी हाड मोडलं तर?

आधी फ्रॅक्चरचा स्वतःचा कोड, मग एम९७.०१ उजव्या हिपसाठी किंवा एम९७.०२ डाव्या. सांधा बसवताना सर्जनच्या हातूनच हाड तडकलं तर एम९६.६६-. दोन्हींची गल्लत महागात पडते, कारण दुसरा कोड शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीत मोजला जातो.

लहान मुलांचं काय?

वाढीच्या पट्टीतून फ्रॅक्चर गेलं असेल आणि सर्जनने सॉल्टर-हॅरिस प्रकार लिहिला असेल तर एस७२ सोडा आणि एस७९ बघा: वरच्या टोकाला एस७९.०-, खालच्या टोकाला एस७९.१-.

उजवं की डावं, कागदांत मेळ नाही.

पाय दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखे चार्ट येतात. एकदा इमर्जन्सी नोट, नर्सिंगचे कागद, संमतिपत्र सगळीकडे डावा पाय, आणि ऑपरेशन नोटच्या मथळ्यात उजवा. जुन्या नोटची नक्कल करून बाजू बदलायची राहून गेली होती. आपल्याला उघड दिसतं की डावाच असणार, चार कागदांत एकच बाद. तरी बहुमताने कोड ठरत नाही. डॉक्टरांनी बाजू लिहिलीच नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून ती घेता येते, पण कागद एकमेकांना छेद देत असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं लागतं. दोन्ही पाय मोडले असतील तर दोन कोड. एस७२ मध्ये दोन्ही बाजूंचा एकत्र कोड नाही.

ऑपरेशनचा कोड कसा निवडायचा?

डॉक्टरांच्या बिलासाठी सीपीटी, भरती पेशंटच्या हॉस्पिटल बिलासाठी आयसीडी-१०-पीसीएस. दोन्हींची भाषा वेगळी, आणि एकीचा शब्द दुसरीत नेलात की फसलात.

सीपीटीत ट्रोकँटरच्या फ्रॅक्चरला प्लेट आणि स्क्रू टाकला तर २७२४४, नेल टाकला तर २७२४५. मानेच्या फ्रॅक्चरला कातडीतून स्क्रू, २७२३५. मान उघडून जोडली किंवा अर्धा सांधा बसवला, २७२३६. इथे अनेकजण हेमिआर्थ्रोप्लास्टी शब्द बघून २७१२५ लावतात. तो फ्रॅक्चरसाठी नाही. शाफ्टमध्ये नेल, २७५०६.

या २७५०६ चं नाव ‘ओपन ट्रीटमेंट’ असं आहे आणि नोटमध्ये तर ‘क्लोज्ड नेलिंग’ लिहिलेलं असतं. घाबरू नका. सीपीटीच्या व्याख्येत फ्रॅक्चरपासून दूर हाड उघडून नेल आत सरकवला, तरी ते ओपनच. पीसीएसमध्ये मात्र ॲप्रोच प्रत्यक्ष काय उघडलं यावर ठरतो, त्यामुळे तेच ऑपरेशन तिथे परक्युटेनियस (कातडीतून केलेलं) होऊ शकतं. एकच नेल, एका पुस्तकात ओपन, दुसऱ्यात नाही!

पीसीएसमध्ये अजून एक पाहायचं. सरकलेलं हाड जागेवर आणलं तर रूट ऑपरेशन रिपोझिशन. हाड जागेवरच होतं, नुसती पिन घातली, तर इन्सर्शन. म्हणून सुरुवातीचा डिस्प्लेस्ड शब्द इथे पुन्हा कामाला येतो. निदानाच्या कोडमध्ये नॉनडिस्प्लेस्ड आणि ऑपरेशनच्या कोडमध्ये रिपोझिशन अशी जोडी दिसली की ऑडिटर म्हणून माझा हात आपोआप थांबतो.

पडण्याची कारणं लिहावी लागतात का?

माहिती असेल तर लिहा. पलंगावरून पडणं डब्ल्यू०६, घसरून किंवा अडखळून पडणं डब्ल्यू०१. जागा आणि त्या वेळची हालचाल सांगणारे वाय९२, वाय९३ हे कोड फक्त एकदाच, पहिल्या भेटीला.

हिमोग्लोबिन ११.८ वरून ७.४ वर आलं, रक्त चढवलं. डी६२ लावू?

डॉक्टरांनी ‘रक्तस्रावामुळे ॲनिमिया’ लिहिलं नसेल तर नाही. आकडे हे निदान नव्हे. पण मांडीच्या फ्रॅक्चरमध्ये बरंच रक्त जातं आणि डी६२ ने डीआरजी (हॉस्पिटलचं बिल ठरवणारा गट) बदलू शकतो, त्यामुळे क्वेरी करायलाच हवी. ती करताना आकडे, तारखा, किती पिशव्या चढवल्या हे मांडा आणि पर्याय द्या: तीव्र रक्तस्रावामुळे ॲनिमिया, जुना ॲनिमिया, अन्य काही, सांगता येत नाही. ‘डी६२ साठी कृपया ॲनिमिया लिहा’ अशी क्वेरी मी स्वतः पाहिली आहे. उत्तर पदरात घालून प्रश्न विचारणं नियमात बसत नाही, आणि त्यात पैशांचा उल्लेख तर कधीच नको.

ऑपरेशन नोट कुठून वाचायला घेऊ?

मथळ्यावरून नको. मथळा बहुधा टेम्प्लेटमधून आलेला असतो. आधी इम्प्लांटची नोंद उघडा. तिथे स्टिकर चिकटवलेले असतात आणि त्यावर नेल आहे की प्लेट, लांबी किती, बाजू कोणती हे छापलेलं असतं. मग नोटच्या पोटात जा आणि चीर कुठे दिली ते शोधा. ट्रॅक्शन टेबलवर पाय ओढून, सी-आर्ममध्ये (ऑपरेशन चालू असताना दिसणाऱ्या एक्स-रेमध्ये) बघत हाड जागेवर आणलं आणि ट्रोकँटरच्या टोकापाशी छोटी चीर देऊन नेल आत घातला असं वर्णन असेल, तर मथळ्यात ‘ओआरआयएफ’ (ओपन रिडक्शन करून हाड आतून जोडणं) लिहिलेलं असलं तरी ते ओपन रिडक्शन झालेलं नाही. मथळा सगळ्यात शेवटी वाचा.